खिळ्यावरची काठी

न्हाय न्हाय, तिथं अडकवू नगंस ती पिशवी. त्या खिळ्यावर जागा तरी कुठं हाय? आधी बस बघू. खुर्ची घे — ती न्हाय, ती पास्टरांची — ही घे. सलाम. आमच्यात सलाम म्हणत्यात, तू नमस्कार केलास तरी चालतंय की, देवाला दोन्ही कळतंय. प्रार्थना चारला हाय, आजून कोण आलं न्हाय. मी आपली लवकर येते, समदी यायच्या आधी बसून घ्यायचं म्हंजे बसताना कोण बघत न्हाय — ते जाऊ दे. कुठनं आलीस म्हणालीस? हातकणंगल्यास्नं? एकटी? आन् घरात काय सांगितलंस? जोतिबाला चालले म्हणून! आगं, जोतिबाचं नाव घेऊन हिकडं आलीस व्हय. खोटं बोलू नये बाई — आता मी तरी कुठल्या तोंडानं सांगती म्हणा.

ती काठी ना? व्हय, माझीच. शालूबाईची काठी. क्रुसाच्या उजव्या अंगाला पास्टरांनी सोताच्या हातानं खिळा ठोकला न् टांगली. तवापास्नं लोकांनी काय काय आणून लावलंय बघ की. तो कमरंचा पट्टा अंबूबाईचा. ती गुडघ्याला घालायची टोपी कुणाची कुणास ठाऊक. आन् त्यो चष्मा केरबामामांचा. म्हातारा आता स्टॉपवर समद्यांस्नी विचारत बसतोय, कुठली बस आली रं बाबा. परवा कळंब्याला जायचं तर भलत्याच बसमधनं शिरोलीला जाऊन उतरला. हस, हस. मी बी हसले. मग घरी जाऊन लई रडले. माझी काठी तिथं नसती तर त्येंचा चष्मा नाकावर असता.

छत्री व्हय? ती आपली उनाची. आगं व्हय, मिटलेलीच असती. उघडली तर टेकायचं कशावर? — म्हंजे, टेकायचं म्हंजे — तू लई बारीक बघतीस गं. बायका बी इचारत्यात, शालूमावशी, ऊन लागतंय म्हणता मग उघडा की छत्री. मी म्हणते काडी मोडलीया. दोन पावसाळं झालं, काडी मोडलेलीच हाय.

हात बघू तुझं. आई गं. बोटं काय झाली ही पोरी. मूठ वळती का? सकाळी न्हाय वळत. मग भाकरी कोण थापतंय? सासू? आन् बोलती असंल. संधिवात म्हणालं ना डॉक्टर? मग गोळ्या दिल्या असत्याल की — पिशवीत काय हाय? उघड. उघड म्हणते ना. ह्या तर समद्या गोळ्याच. पाकिटं भरलेली. म्हंजे खातच न्हाईस? कवापास्नं? शिमग्यापास्नं! कुणी सांगितलं तुला बंद करायला? पास्टरांनी? न्हाय? मग कुणी — कुणीच न्हाय कसं — साक्ष ऐकलीस, बरं झाल्याची. कुणाची? सांग की, मान खाली घालून काय बसलीस. हातकणंगल्याच्या सभेतली व्हय. मंगल कार्यालयातली. निळ्या साडीतल्या बाईची.

ती मीच गं.

थांब, पाणी पिऊ दे जरा. मला वाटलं दुसऱ्या कुणाकडनं काठीचं कळलं आसंल, म्हणून आलीस. तू तिथं सोता होतीस. कुठं बसलीतीस? पुढंच. म्हंजे मी हात वर करून म्हणले, प्रभूनं मला उभं केलं, आता दवा न्हाय, काठी न्हाय, तवा तू माझ्या तोंडाकडं बघत होतीस. आन् घरी जाऊन गोळ्या बांधून ठेवल्यास.

आता ऐक. रागावू नगं — न्हाय, रागाव, पर ऐक. आमचा लेक आदर्श मला गाडीवर मागं बसवून न्हेत होता, कळंब्याच्या रस्त्याला गतिरोधक आला आन् मी पडले. खुबा मोडला. सळी घातली. मग भायेरगावचं एक देवाचं सेवक आलते प्रार्थना करायला, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, ढोलकी वाजत होती, समदी रडत होती — आन् खरं सांगते, शपथ न्हाय घेत आमच्यात, पर खरं सांगते, दुखायचं थांबलं. मी हॉलभर पळाले. ही शालूबाई, पळाली! ते खोटं नव्हतं. काठी तवाच टांगली. आन् तिसऱ्या दिशी बसची पायरी चढाय गेले तर खुब्यातनं अशी कळ आली की दांडी धरून तिथंच बसले. कंडक्टर म्हणतोय, मावशी वर या न्हायतर खाली उतरा. मला ना वर जाता येतंय ना खाली.

पास्टरांना सांगितलं की. ते म्हणालं, शालूबाई, तोंडानं दुखतंय म्हणू नगा, इश्वास डळमळतोय. माणूस वाईट न्हाय, त्येंस्नी बी वाटायचं की बरं व्हावं. पर समदा दोष त्येंच्यावर कसा टाकू? मला आवडलं गं. नवरा गेल्यापास्नं मी ह्या हॉलात चपला काढत्यात त्या दारापाशी बसायची. कोण इचारत नव्हतं. काठी टांगली आन् मला पुढची खुर्ची मिळाली. गडहिंग्लजला न्हेलं, इचलकरंजीला न्हेलं, बायामंडळानं ती निळी साडी घेतली. पाया पडायच्या बाया, आमच्यात पडत न्हाईत तरी पडायच्या. मग कसं सांगायचं?

आन् हातकणंगल्याला — हे कुणाला सांगितलं न्हाय, आदर्शला बी न्हाय — कार्यालयाच्या दारात गाडी थांबली, मला उतरताच येईना. म्हणले तुम्ही व्हा पुढं, मी प्रार्थना करून येते. पर्समधनं गोळी काढली, गिळली, कळ दबायची वाट बघितली. आन् मग आत येऊन तुला सांगितलं, आता दवा न्हाय. माझ्या पोटात गोळी होती पोरी. आन् तू तुझ्या टाकल्यास.

रडू नगं. व्हय, तसंच वाटत असणार — सोताला लाज वाटती म्हणून आता देवाला बी खोटं पाडती ही म्हातारी. तसं न्हाय. देव खोटा न्हाय. मी न्हाणीघरात कडी लावून तोंडात पदर कोंबून रडायची, मुलाला ऐकू जाऊ नये म्हणून. रोज म्हणायची, काढ हे दुखणं, लोकांत माझी अब्रू जाईल. बघ की, मागणं सुदीक अब्रूचं! एक दिस इतकं दुखलं की मागायचंच इसरले. नुसतं म्हणले, दुखतंय रं बाबा. आन् तवा असं वाटलं — कसं सांगू — आई जवळ येऊन बसती ना, औषध नसतंय तिच्याकडं, नुसती बसती, तसं. खुबा दुखतच होता. पर मी एकटी नव्हते. मग ध्यानात आलं, त्यो तरी क्रुसावर कुठं म्हणला, मला दुखत न्हाय? मोठ्यांदा आरडला की. समद्या गावाम्होरं, आईम्होरं. त्येला न्हाय वाटली लाज. आन् मी त्येची लेक, त्येच्याच क्रुसाशेजारी बरी झाल्याची काठी टांगून बसलीया. तवापास्नं त्यो माझ्याजवळ हाय. न्हाणीघरात हाय. हितं पुढच्या खुर्चीवर बसले की त्येच्याकडं बघवत न्हाय.

तर हे तुला देते, मला दुसरं काय बी देता येत न्हाय. बरं करायचं माझ्या हातात कवाच नव्हतं. तू डॉक्टरकडं जा, गोळ्या बंद केल्यात म्हणून सरळ सांग, ते सांगत्याल तसं परत सुरू कर. आन् दुखलं की देवाला सांग. गोळी खाल्ली म्हणून त्यो रुसत न्हाय. काय? मी सांगणार का हितं? ... तू बी लई सरळ इचारतीस बाई.

गाडी वाजली. पास्टर आलं. अंबूबाई बी हाय संगं, केरबामामा भिंतीला धरून यायला लागल्यात बघ.

पोरी, उंच हायस तू. हात पुरंल तुझा. ती काठी काढ. काढ म्हणते ना — चष्मा पडू देऊ नगं, त्यो मामांच्या हातात दे. हां. आण हिकडं. धूळ किती बसलीया.

सलाम पास्टर. थांबा जरा, उठते. छत्री नगं मला. आई गं — आई गं — व्हय, पास्टर, दुखतंय. तिसऱ्या दिसापास्नं दुखतंय. आज साक्ष मीच देणार हाय.

तू जा गं. पिशवी इसरू नगंस. जा, हातकणंगल्याची बस चुकंल.