बेटावर जाचं त श्रावणातच

नाही नाही, गोवा नाही म्हनलं ना मनिषभाऊ — ते फोटो बंद करा बाप्पा, बाईमानसं येनार आहेत संग — गोवा नाही, शिर्डी नाही, अष्टविनायक त नाहीच नाही. मालवण. मालवणले उतराचं, तिथून बोटीत बसाचं, अन् समुद्रातल्या किल्ल्याच्या बेटावर जाचं. चारी बाजूनं पानी, मधात किल्ला. एवढंच पायजे आमाले. तुमी ट्रॅव्हलवाले लोक गिऱ्हाईकाचं ऐकतच नाही — मी म्हनतो बेट, तुमी म्हनता बीच. लिहा, मुक्काम एकोडी, श्यामलाल. मच्छी सोसायटीवाले श्यामलाल म्हना, नुसतं श्यामलाल म्हनलं त गावात तिघं निघते. पोस्टरवर गोव्याची बाई लावली तुमी अन् आमाले म्हनता काका, तुमाले काय पायजे ते सांगा. सांगून राहिलो ना मंग!

हासून घ्या, हासून घ्या. मासोळ्या धरनारा ढीवर मानूस पानी पाहाले चालला म्हनून हासू येते ना? बाबुलालही हासला. आमच्या सोसायटीचाच आहे तो, माहा जुना जोडीदार — म्हने श्यामा, जिंदगी डोंग्यात गेली, अन् आता सहल बी पान्यावरच? त्यापेक्षा मले एखांद्या लॉजवर नेऊन झोपव. त्याले मी म्हनलं, अरे तलाव आपल्याले ओळखते, समुद्र ओळखत नाही, एकखेप तोंडओळख करून येऊ. तेव्हा कुठं हो म्हनला. मंग शकुंतलाबाई — ते बाई तलावाच्या पारीवर मासोळ्या विकते, गावाले हालवून ठेवन अशी जबान — ते पुसते, समुद्राले पलीकडचा काठ दिसते का? मी म्हनलं नाही दिसत. झालं, अडली. ज्या पान्याले दुसरा काठ नाही त्यात मी पाय नाही घालत म्हने. तिले समजवाले माहे आठ दिवस गेले. शेवटी म्हनलं किल्ल्यात देऊळ आहे, तुले दर्शन होईन — तेव्हा पोतं बांधाले लागली. अन् सेवकराम, माहा शेजारी, धानवाला, त्याचं वेगळंच, म्हने धानाचा रोवना उरकल्याशिवाय मी बांधावरून हालत नाही. नकटीच्या लग्नाले सतराशे विघ्नं म्हनते ना, तसं. एकाले मनवलं का दुसरा फुगते, दुसऱ्याले मनवलं का पयल्याची सासू बिमार. पन आनले सगळे एका मेळावर. आखाडीच्या सणाले, आषाढाच्या पुनवेले, देवळात बसवून सगळ्याईकून हो म्हनवून घेतलं. आता तुमी काही खोड काढू नका, हात जोडतो.

तारीख? तारीख ऑगस्टमधली टाका, पोळ्याच्या आंधी, बस. नाही, पुढं नाही ढकलता येत. काहून म्हनजे? तुमी लाखनीचे, हायवेवरचे, तुमाले तलावाचं काय मालूम. पावसाळा लागला का आमचं जाळं बंद. मासोळी अंड्यावर असते, तेव्हा जाळं नाही टाकत आमी. तलावात मासोळीचं बीज सोडलं का मोकळे. डोंगे उलटे करून पारीवर ठेवून देते अन् मानसं देवळात पत्ते कुटत बसते. इकडं सेवकरामचा रोवना उरकला का तोही रिकामा. म्हनजे श्रावणात आख्खं गाव रिकामं. पोळा झाला का निंदन, दिवाळीले धान कापनी, मंग तलाव उतराले लागला का आमची जाळी सुरू — ते होळीपर्यंत मराले फुरसत नाही. उन्हाळ्यात लग्नं. आता सांगा, श्रावण सोडून कोनता महिना आहे? अन् मी म्हनतो पान्यावर जाचं त पानी भरल्यावरच जावं ना भाऊ! भरल्या तलावात डोंगा कसा, लोन्यावरून हाताचं बोट फिरवावं तसा चालते. तेव्हा समुद्रही भरूनच असन. नाही त जा उन्हाळ्यात अन् ढकला बोट गाळातून.

तुमी पाहा त्या कम्प्युटरात, मी बोलत नाही. — बरं, एक गोष्ट राहिली. बोट कोनतीही चालनार नाही. तिथं धक्क्यावर लय बोटी लागून असते, त्यातली निळ्या पट्ट्याची एक आहे, समोरच्या टोकाले लाल झेंडी. त्याच बोटीत बसाचं. सगळे नाही मावले त बाकीचे मांगच्या बोटीत टाका, बाबुलालले टाका, त्याले काही फरक पडत नाही — पन माही बायको सखाबाई त्या निळ्या बोटीत पायजे. अन् समोर, जिथं तो दोर फेकनारा पोरगा उभा राह्यते ना, त्याच्या बाजूले. मले कसं मालूम? फोटोत पाह्यली. फोटो कोनाचा, तो — आहे एक वळखीचा पोरगा. तिकडं काम करते बोटीवर. नाही, जवळचा असा — वळखीचा. त्याले फोन कराचा? नाही नाही नाही! फोन नका करू. बुकिंग तुमी तुमच्या नावानं करा, लाखनीची पार्टी म्हना, नागपूरची म्हना, एकोडी म्हनू नका. एकोडी म्हनलं का काम बिघडलं. त्याले सांगून गेलो त त्या दिवशी तो बोटीवर राहीनच असं नाही.

तुमी असे काहून पाहून राहिले माह्याकडं? — मानसाले नीट बोलू देत नाही तुमी. माहाच पोरगा आहे. लिलाधर. घ्या, समजलं? आता बोंबलू नका, काचेबाहेर बाकावर बसली आहे ना, हिरवा पदर, पिशवी मांडीवर — तेच त्याची माय. तुमच्या एसीत थंडी वाजते म्हनून बाहेर बसली. पिशवीत काय असन सांगा? मुरमुऱ्याचे लाडू. म्हनलं अवो, आज नुसतं बुकिंग आहे, सहलीले महिना आहे, आज कायले लाडू? त म्हने त्या साहेबाले दाखवतो, एवढा डब्बा बोटीत चालन का म्हनून पुसतो. आता सांगा, अशा बाईले काय म्हनाचं. तुमी चालन म्हना बरं, आली त.

भांडन? तेच त नाही! सगळे तेच पुसते — काय झालं रे, काय बोलला तू पोराले. काही नाही बोललो. देवाशपथ. तिकडच्या बोटीवर पोहनारे पोरं पायजे म्हनून एक ठेकेदार आला होता गावात, तो चार-पाच पोरं घेऊन गेला. बाकीचे आले वापस, हा राह्यला. जाताना पाया पडला, मायनं दही दिलं हातावर. पयल्या दिवाळीले आला बी होता — काजू आनले, सगळ्या आळीले वाटले. तेव्हापासून नाही. पैसे धाडते बरं, वाईट नाही पोरगा. फोन बी उचलते. पन ये म्हनलं का — सुट्टी नाही. बहिनीच्या, खुशीच्या साक्षगंधाले ये — सुट्टी नाही. आखाडीले ये, श्रावणात ये, तेव्हा त सगळे घरी असते — नाही बाबा, बोट सोडता येत नाही. मनिषभाऊ, भांडन असतं ना, त मी मिटवलं असतं. लहान झालो असतो, पोराचे पाय धरले असते, काय लाज आहे, आपलेच दात आपलेच ओठ. पन भांडनच नाही त मिटवू काय? कुठं धरू? सोसायटीत मी दोन गावचे तंटे सोडवतो, लोक बोलावते मले. अन् घरी असा बसतो, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

म्हनून ही सहल. दोघंच गेलो असतो त त्याले वाटलं असतं धरून न्यायले आले. गाव म्हनलं असतं, पोरगा येत नाही म्हनून मायबाप धावले. घोळक्यात गेलो त सहल आहे, कोन काय म्हनन? बेट पाहाले आलो, बोट भेटली, बोटीत तू निघाला — अरे लिला, तू इथं का? असं. शकुंतलाबाई बडबड करन, बाबुलाल त्याची मस्करी करन, त्याले लाजाले टाईमच नाही भेटनार. माय बाजूले बसन. बेटापर्यंतचं पानी किती, थोडंसंच आहे म्हनते, तेवढं बसन. काही पुसाचं नाही असं बजावून ठेवलं मी तिले. नुसतं पाहाचं अन् डब्बा द्याचा. बेटाचं मले काय करा लागते भाऊ! किल्ला काय अन् समुद्र काय.

काय झालं? अडलं का काही? — बंद? बंद म्हनजे कायचं बंद, रस्ता? बोटी? कोनत्या बोटी? — पाहा बाप्पा, तुमचा कम्प्युटर चुकला असन. बोटी कायले बंद राह्यतीन, पावसाळ्यात त पानी — वादळ? लाटा? म्हनजे जेव्हा पानी वाढते तेव्हाच बोट बंद? उलटंच आहे मंग तिथलं. — दरवर्षी? सरकारी नियमच आहे? मे संपता संपता बंद ते सप्टेंबर लागेपर्यंत? सगळ्याच? नाही, ते निळ्या पट्ट्याची लहानशी आहे, ते असन चालू, लहान बोटीले कोन पाह्यते. — ते बी? काठावर ओढून, ताडपत्री टाकून ठेवते?

जसे आमचे डोंगे.

नाही, ऐकून राहिलो. दिवाळीनंतर जा म्हनता, ठीक आहे, दिवाळीनंतर कोन येते, धान का सेवकरामचा बाप कापन? तो मेला. नाही, ते राहू द्या. मले एक सांगा — बोटी बंद असल्या का त्याईवरचे पोरं काय करते? दोर फेकनारे, पोहनारे. तुमी पार्ट्या नेता, तुमाले मालूम असन. — घरी जाते? आपापल्या गावाले जाते. सगळेच. तीन महिने.

तीन महिने रिकामा असते तो.

मांगच्या साली आखाडीले फोन लावला होता मी. सखानं वडे केले होते, म्हने त्याले विचारा, खाल्लं का काही. उचलला त्यानं. वारा आयकू येत होता मोठा. म्हने बाबा, पान्यावर आहो, पार्टी घेऊन बेटावर चाललो, मंग करतो. मी सगळ्या देवळाले सांगतलं — पोरगा एवढ्या पावसात समुद्रावर आहे म्हनलं, आपल्यातला कोन आहे एवढा हिंमतवाला? बाबुलाल म्हने, खरंच रे. छाती फुगवून सांगतलं मी. त्याच्या आंधीच्या सालीही तेच. पान्यावर आहो.

पान्यावर नव्हताच तो. असन कुठं तरी. खोलीत असन, नाही त त्या ताडपत्रीखाली बसून असन, पाऊस पाहात. तीन महिने बसून राहाते, पन घरी येत नाही. काहून पन? असं काय आहे आमच्या घरी? खाट आहे, माय आहे, मी काही पीत नाही, मारत नाही. — तुमी कायले डोळे खाली घालता, तुमचा काय दोष. तुमाले बी मायबाप असतीन. जाता ना घरी? जात जा.

नको! नको, मोबाईल ठेवा तो खाली. नंबर मी देत नाही. काय पुसनार तुमी त्याले, अन् मी काय पुसू? आता आषाढच चालू आहे ना. लावला, त्यानं उचलला, अन् म्हनला — बाबा, पान्यावर आहो — त मी काय म्हनू? सांगा. बरं म्हनू? सांभाळून राह्य म्हनू?

उठली पाहा ते. येऊन राहिली इकडंच, डब्बा काढला हातात. आयका मनिषभाऊ, बोटी बंद असते हे तिले कळलं नाही पायजे. ते रोज कॅलेंडरसमोर उभी राह्यते, तिले महिन्याले महिना जोडाले टाईम लागत नाही. तिले म्हना जागा भरल्या. सीझन आहे म्हना, लय गर्दी आहे, पोराईले श्वास घ्याले फुरसत नाही. म्हना असं. नाही जमत तुमाले? बरं, नका म्हनू, मीच म्हनतो, तुमी नुसतं मान हालवा.

ये. काही नाही वो, जागा नाही म्हनते साहेब. सगळी भरली बोट. — हो, त्याचीच. लय काम आहे म्हने त्याले. — डब्बा राहू दे, ठेव पिशवीत. चाल, एस. टी. जाईन.