मसाल्याच्या डब्यातला अँप्लिफायर

म्हैसूरला, इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात मी रांगेत होतो. पुढे एक भाऊबहीण यादी घेऊन उभे होते.

"अण्णा, परत व्हॉल्व्ह? पहिला अँप्लिफायर जाळलास काय?"

"नाही ग, मस्त चालतोय. घरघर घालवायलाच तीन रविवार गेले."

"मला येलवालला सासरी कोण सांगतंय! मग?"

"आयुधपूजेच्या आदल्या दिवशी घरघर गेली. आता गाणं लावणार, तर आईनं उचलून देवापुढं ठेवला. व्हॉल्व्हच्या काचेला गंध, डब्याला हळदकुंकू, वर शेवंती."

"बरोबरच की. पूजेतलं हत्यार त्या दिवशी वापरत नाहीत."

"पूजेच्या दुसऱ्या दिवशी फूल काढून चालू केला. व्हॉल्व्ह तापला तसा चंदनाचा वास सुटला. आई म्हणाली, बघू, आधी मला लाव हेडफोन."

"अय्यो!"

"अजून काढला नाही. म्हणते, डबा माझ्या मसाल्याचा, मग अँप्लिफायरपण माझाच."

"म्हणजे तू ऐकलंच नाहीस?"

"मी फक्त घरघर ऐकली."

"मग हा दुसरा तुला?"

"कुठला! अप्पांना. हेडफोन लावून आई मोठ्यानं गाते, तिचं तिलाच ऐकू येत नाही. अप्पा म्हणाले, राघू, मलापण एक कर, तेवढीच शांतता."

"आणि अप्पापण गायला लागले तर?"

भावानं यादी काउंटरवर सरकवली.

"म्हणून तर सगळं दोन-दोन लिहिलंय."