पुरती वाढ

बारामतीहून इंदापूरला निघालेली एसटी. माझ्या पुढच्या सीटवर एक आजी आणि साडी नेसलेली तिची नात. खिडकीतून उसाचे तुरे सरकत होते.

"कालेजात दिवसभर त्या दुर्बिणीत काय बघतीस गं?"

"यीस्ट, आज्जी. पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या भावकीतलं. एका पेशीच्या दोन होतात."

"कवा व्हायचं, ते तिला कोण सांगतं?"

"तिच्या आतलंच एक प्रथिन. पुरती वाढ होईस्तोवर ते तिला थांबवून धरतं."

"अन् ते नसलं तर?"

"मग ती लहानपणीच दुभंगते. दोघी बारक्याच राहतात."

"मरत्यात?"

"न्हाय. जगतात की."

"उसाची तोड लवकर आली की तसंच हुतं. वजन भरत न्हाय."

"व्हय."

"तुझा आजा मला बघाय आला, तवा मी परकरात हुते."

"ठाऊक हाय. माझ्या निऱ्या नीट हायत का? मुलाकडची माणसं स्टँडवर घ्यायला येणार हायत."

"तुझं शिक्षण किती राह्यलं?"

"दोन वर्षं."

"कंडक्टरसाहेब, पुढच्या फाट्यावर उतरवा आमाला. माघारी बारामतीची गाडी तितं मिळंल नव्हं?"

"आज्जी, ती माणसं वाट बघतील."

"फोन लाव त्यास्नी. सांग, पोरगी अजून वाढतीया."