शेवटी कोण जेवतं?

...आणि वर मलाच म्हणतो, "काकू, डोळ्यांत पाणी कशाला? एक रकानाच तर काढला!" आता तुम्हीच सांगा, बायकांच्या अंगात रक्त कमी का, हे विचारत अमडापुरात उन्हातान्हात दारोदार फिरलं कोण? मी! आणि चिखलीच्या ऑफिसात पंख्याखाली बसून रकाने उडवतंय कोण? हा शंतनू! पोरगा गुणी हो, आधी चहा पाजला. म्हणाला, "जिल्हा, सगळ्यांचा बुलढाणा, काढा. गाव, सगळ्यांचं अमडापूर, काढा. सगळ्यांचं उत्तर एकच, म्हणजे त्यात माहिती नाही!" मी म्हटलं, काढ बाबा, गाव काही पळून जात नाही! हसलेसुद्धा... आणि तेवढ्यात त्याने माझा रकाना उडवला. 'घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं?' मीच हट्टाने घालायला लावलेला! खाली सगळ्या बायकांचं उत्तर नुसतं मी, मी, मी...

"अरे, दुखणं तेच आहे ना!"

"असेल काकू. पण रक्त कमी असलेलीही शेवटी जेवते आणि नसलेलीही. फरक कळायला एखादी तरी वेगळी हवी."

एखादी! तुम्हाला सांगते, तशीच उठले, जीप धरली, गावात. मंजुळाबाई म्हणते, "मले कोन पयले जेवू देते वं!" सुचिता, नवी सून, नुसतीच पदराआड हसली. उरली अन्नपूर्णाबाई. एकटा जीव, ना नवरा ना सासू, हिचं तरी वेगळं असेल? तर म्हणते, "मांजरीचं झाल्याबिगर मले घास उतरत नाही, बाई."

मांजर! सगळ्यांचं उत्तर एकच... अहो, मांजर असली तरी!

मग वाटलं, ती एखादी मीच का नाही? माझंही नाव होतंच की त्या यादीत. खोटं नाही सांगायचं, खरंच आधी जेवायचं! घरी आले, भाकरी टाकल्या आणि पहिलं ताट स्वतःला वाढून बसले. हे दारातच थबकले. सासूबाई लगबगीने आल्या, माझ्या कपाळाला हात लावला, "काऊन वं, तब्येत बरी नाही का तुई?" इतक्या मायेने विचारलं हो... त्यांनी स्वतः जन्मात कधी आधी खाल्लं नाही. घास कसा उतरणार?

ताट ह्यांच्यापुढे सरकवलं. शंतनूला फोन लावला, "काढ बाबा तो रकाना."

तो म्हणतो, "बरं काकू... जेवलात का?"

म्हटलं, "नाही रे. अजून सगळ्यांचं व्हायचंय!"