टेपचे तीन इंच

नाही, पण मी म्हणतो, मापं घ्यायला येता आणि टेपच विसरून येता? अहो, न्हावी कधी वस्तरा विसरून आलाय का? पण हे पडले तज्ज्ञ! थेट राजधानीतून आलेले! गाडीतून साहेब, डॉक्टरीणबाई धरून चौघं उतरले, फायली उतरल्या, पाण्याच्या बाटल्यांचा खोका उतरला, आणि टेप? ती राहिली साहेबांच्या टेबलावर! आणि शाळेसमोर दुकान कुणाचं? माझं. शिंप्याचं. "काका, जरा टेप द्या हो." दिली! देशाचं काम म्हटल्यावर गळ्यातली काढून दिली!

आता त्या टेपचं तुम्हाला सांगतो. तिचे पहिले तीन इंच नाहीतच. कात्रीत सापडले, गेले. टेप सुरूच होते तीनावर. मी आपला मनात तीन वजा करतो, बावीस वर्षं करतोय, गिऱ्हाइकाला पत्ता नाही. पण त्या गडबडीत हे सांगायचं राहिलं हो... राहून गेलं!

भानगड काय, तर नवं क्रीडाधोरण. कुठल्या खेळात कमी देश उतरतात, कुठे ऑलिंपिकचं पदक पटकन हाती लागतं, असं बघून कुणीतरी गार खोलीत बसून खेळांची यादी केली. होड्या वल्हवणं... बरोबरची खूण. धावणं... फुली! आणि माझी धाकटी काय करते? धावते! पाच हजार मीटर! दुसऱ्या दिवशी मैदानाच्या फाटकाला कुलूप, आणि तिच्या सरांची बदली कुठे, तर गोदामात. मी साहेबांना म्हटलं, "अहो, पोरगी चांगली धावते!" तर साहेब नाकातून म्हणाले, "काका, ते वैयक्तिक झालं. राष्ट्राला सध्या धावायचं नाहीये." धोरण आहे ना!

मग मापं. उंचीपेक्षा पसरलेले हात लांब भरले, की पोर होडीला घ्यायचं. उंची भिंतीवरच्या पट्टीनं, हात माझ्या टेपनं. माझ्या धाकटीसकट बारा पोरं मापली, बाराच्या बारा लांब हातांची! डॉक्टरीणबाई गहिवरल्या, "हा इथल्या पाण्याचाच गुण!" पाण्याचा? बाई, आमचा नळ दिवसाआड येतो! नदी नाही, तळं नाही, आणि होड्यांचं राष्ट्रीय केंद्र मंजूर!

मी खरं सांगायला निघालो होतो, शप्पथ! पण बायकोनं बाही धरली. "गप्प बसा. निदान पोरगी खेळात तरी राहील. नाहीतर उद्यापासून तुमच्या दुकानात काजं करत बसेल." बसलो गप्प. पोरगी मात्र रडली हो. "बाबा, होडीत मागे तोंड करून बसतात! मला पुढे बघून धावायचंय!" पण करता काय? धोरण आहे ना!

केंद्र निघालं बंद पडलेल्या गिरणीच्या शेडमध्ये, घरापासून सात किलोमीटर. होडी नाहीच, होडीसारखं यंत्र. ओढा दोरी, जागच्या जागी! जायला वाहन? त्याची धोरणात तरतूद नाही. मग पोरगी धावत जायची, धावत यायची. रोजचे चौदा किलोमीटर, तीन वर्षं, ताप आला तरी.

आली राष्ट्रीय स्पर्धा. आमच्या पोरांनी एवढं पाणी जन्मात बघितलं नव्हतं, होडी जी गोल फिरली ती फिरतच राहिली! शेवटून पहिला नंबर. आणि ही बया काय करते, तर गुपचूप धावण्यात नाव देऊन येते, आणि... पहिली! विक्रम! मी भर मैदानात ढसाढसा रडलो. तिनंच माझे डोळे पुसले.

आता खरं बोलायला काय हरकत आहे? साहेबांना गाठलं. "साहेब, ती टेप तीन इंच तुटकी होती." साहेब गंभीर झाले, लिहून घेतलं, आणि पंधरा दिवसांत परिपत्रक! 'सदर टेपमुळे यश मिळाल्याने सर्व केंद्रांतील टेपांचे पहिले तीन इंच कापण्यात यावेत.' मी कपाळावर हात मारला. "अहो, टेपमुळे नाही, ती रोज चौदा किलोमीटर धावत होती म्हणून!" साहेब दचकले. "काय? राष्ट्रीय खेळाडू आणि पायी?" झालं! सोमवारपासून दारात बस!

आणि बसमध्ये हजेरी! कागदावर ती अजून होडीवालीच. जागा रिकामी दिसली, की नाव कापणार. म्हणून आता ती पहाटे पुढे धावत जाते, आणि तिच्या जागेवर कोण बसतं? मी! पोरांच्या मधे, मांडीवर डबा घेऊन! परवा बसमध्येच तपासणी झाली, नव्या कापलेल्या टेपनं. मी म्हटलं, "अहो, मी बाप आहे!" साहेब म्हणाले, "हात पसरा."

पसरले.

तेव्हा मंडळी, शिवायचं काही असेल तर चार वर्षं थांबा. माझी निवड झालीये... धोरण आहे ना!