डावीकडचं माप

धाकटी : पातेलं एक, काठोकाठ भरलेलं. खाली परात एक, कोरडी. मोजपात्र एक, अर्ध्या लिटरचं. टॉवेल दोन. स्टूल एक. उजवी एक. डावी...

थोरली : म्हण की, शून्य. इथं कोण परकं आहे?

धाकटी : मोजल्याशिवाय शून्य म्हणता येत नाही, ताई.

थोरली : घरात तुला उगाच नाही मापटं म्हणत. सहा वर्षांची असताना माझा टेप घेऊन मांजराची शेपटी मोजायला गेलीस. टेपही गेला आणि वर ओरबाडून घेतलंस.

धाकटी : बावीस सेंटीमीटर होती. चल, वाक. उजवी छाती पाण्यात सोड, काठ फासळ्यांना टेकू दे. जेवढं पाणी परातीत सांडेल, तेवढं तिचं आकारमान.

थोरली : माझ्या दुकानापेक्षा बरं आहे की. तिथं टेप लावला की प्रत्येक बाई पोट आत ओढते.

धाकटी : तूही ओढतेयस. सोड श्वास. हं... हलू नकोस... आता उठ, अलगद.

थोरली : किती?

धाकटी : तीनशे पस्तीस मिली. परत.

थोरली : परत कशाला?

धाकटी : तीनदा घ्यायचं. कापायच्या आधी तू दोनदा मोजतेस ना?

थोरली : मी कापड मोजते. कापड कुडकुडत नाही.

भावोजी : अगं, काय चाललंय आत? अर्धा तास झाला बाथरूमचं दार बंद आहे. मला दाढी करायचीय.

थोरली : अहो, दाढी कुठं पळून चालली नाही तुमची. प्रयोग चाललाय.

भावोजी : प्रयोगाला पाणी किती लागणार ते सांगा. टाकीची मोटर चालू करू का?

धाकटी : सहा पातेली, भावोजी. आणि दाराशी उभे राहू नका, माझा आकडा चुकतो.

भावोजी : बरं बाई. चहा ठेवतो.

धाकटी : तीनशे तीस. आणि हे... तीनशे पस्तीस. सरासरी तीनशे तेहेतीस. आता डावी.

थोरली : डावीकडे भाडेकरूच टिकत नाही बघ. जन्मापासूनचा होता, त्याला गाठ झाली, काढला. सिलिकॉनचा आणून ठेवला, किरणं घेतल्यावर त्याचा दगड झाला. सव्वा वर्षात त्यालाही हाकलला. आता आठ महिने खोली रिकामी.

धाकटी : वाक. ...चाळीस. ...पस्तीस. ...पस्तीस. सरासरी सदतीस.

थोरली : सदतीस? आहे काय तिथं सदतीस व्हायला?

धाकटी : कातडी, थोडा स्नायू, वण. म्हटलं होतं ना, शून्य नाही. फरक दोनशे शहाण्णव.

थोरली : डावीकडे आत घालते ती माझी मोहरीची पिशवी दोनशे ऐंशी ग्रॅमची आहे. नुसत्या अंदाजानं शिवली होती.

धाकटी : अंदाज चांगला आहे.

थोरली : अंदाज चांगला असून काय उपयोग? कापायला टेबलावर वाकले की ती गळ्याशी येते. परवा एका गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेत होते आणि पिशवीचा टाका सुटला. मोहरी टपटप टपटप फरशीवर. बाई म्हणते, तुमच्याकडे उंदीर आहेत का हो?

धाकटी : मग?

थोरली : मग काय, हो म्हणाले. उंदरांवर ढकललं. ...हसतेस काय, मेले? पूस पाठ माझी.

धाकटी : हात वर कर.

थोरली : सोमवारी डॉक्टरीणबाईंना फोन करायचाय. नवा सिलिकॉन, की मांडीची चरबी काढून इकडे भरायची. काय करू?

धाकटी : दोन्हींबद्दल जे माहीत आहे ते सांगते.

थोरली : ते त्यांनीही सांगितलं, चित्रं काढून. मी तुझं मत विचारतेय.

धाकटी : मत नाही देणार.

थोरली : का?

धाकटी : मागच्या वेळी दिलं होतं.

थोरली : अगं, म्हणून काय आता जन्मभर...

धाकटी : आकडे चांगले आहेत, म्हणाले होते. सिलिकॉन घे, म्हणाले होते. आणि नंतर तू सांगायचीस, गार लागतं. झोपेत हात गेला की दचकते. मी काय म्हणाले, आठवतं?

थोरली : नाही आठवत.

धाकटी : आठवतं तुला. भास आहे, म्हणाले. रोज पाण्याचे पन्नास नमुने तपासते मी, प्रत्येकाचं आधी तापमान लिहिते. त्या दिवशीही थर्मामीटर माझ्या पर्समध्ये होता. आणि तुला नुसतं बघून सांगितलं, भास आहे.

थोरली : ...गारच होता तो. थंडीत गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपले, तर मी दहा मिनिटांत ऊबदार आणि तो आपला तासभर रुसलेला.

धाकटी : हो ना. तेच.

थोरली : बरं, मत राहू दे. चरबीचं सांग. ती आटते म्हणाल्या.

धाकटी : आटते. कुणाची तीस टक्के, कुणाची पन्नास, कुणाची जास्तही. आधी सांगता येत नाही. किरणं घेतलेल्या जागी तर नाहीच.

थोरली : म्हणजे कोऱ्या सुती कापडासारखं. पण कापड मी आधी भिजवते, आटायचं तेवढं आटू देते, मग कात्री लावते.

धाकटी : इथं आधी भिजवता येत नाही. थोडी भरायची, आटू द्यायची, चार-पाच महिन्यांनी परत भरायची. दोन खेपा, कदाचित तीन. सिलिकॉन एका दिवसात बसतो.

थोरली : आणि जी टिकली, ती?

धाकटी : तिच्यात तुझं रक्त जाणार. तू बारीक झालीस तर तीही बारीक. तू सुटलीस तर तीही सुटणार.

थोरली : घरचीच म्हणायची.

धाकटी : पण मेलेल्या चरबीच्या गाठी होतात कधीकधी. साध्याच असतात. तरी प्रत्येक गाठ तपासून घ्यावी लागेल, आणि निकाल येईपर्यंत आपला जीव टांगणीला. हे मी आत्ताच सांगून ठेवते.

थोरली : जीव टांगणीला तसाही आहे. सिलिकॉन घेतला तरी, काहीच नाही घेतलं तरी.

भावोजी : चहा झाला. आणि... मी काय म्हणतो, काही ऐकलं नाही हं मी, पण काहीच नाही केलं तरी चालेल. म्हणजे, मला चालेल.

थोरली : तुम्हाला चालेल हो. पिशवी काय तुमच्या गळ्याशी येते?

भावोजी : नाही, तसं नाही...

थोरली : कळलं मला. चांगलं बोललात. चहा झाकून ठेवा.

धाकटी : गेले?

थोरली : गेले. दाढी करायचीय हेही विसरले.

धाकटी : टेप दे. डॉक्टरीणबाईंना चरबी पुरेशी वाटली नव्हती ना? मांडीचं माप किती लिहिलं होतं त्यांनी?

थोरली : त्याला दोन महिने झाले. अठ्ठेचाळीस का काहीतरी.

धाकटी : सरळ उभी राहा. पॅन्ट पातळ आहे, वरून चालेल. ...एकावन्न.

थोरली : टेप ताणला असेल.

धाकटी : टेप तुझा आहे. थांब, परत. ...एकावन्न. ताई, ही शिवण नवी आहे.

थोरली : कुठली?

धाकटी : बाजूची. हा दोरा बघ, निळा. आणि इथं आत एका ओळीत भोकं आहेत, जुन्या टाक्यांची. उसवून आतली माया बाहेर काढलीयस तू.

थोरली : घट्ट होत होती.

धाकटी : का घट्ट होत होती? कधीपासून खातेयस?

थोरली : सहा आठवडे. शेंगदाणे, केळी, वाटीभर साय. दुपारी दुकानात, पडदा ओढून. घरी जेवण जात नाही म्हणून ह्यांना वाटतं मला अपचन झालंय. ओव्याचं पाणी देतात रोज. पिते बिचारी.

धाकटी : म्हणजे तुझं ठरलंय! सहा आठवड्यांपूर्वीच ठरलंय! मग हे पातेलं, परात, मला सकाळी सकाळी बोलावणं...

थोरली : ओरडू नकोस, ते ऐकतील.

धाकटी : ऐकू देत! मला कशाला विचारलंस मग?

थोरली : सिलिकॉन काढला तेव्हापासून तू दर रविवारी येतेस. भांडी घासतेस, औषधं आणतेस, माझ्या मशीनला तेल घालतेस. आणि आठ महिन्यांत तुझ्या तोंडून एक आकडा नाही. शिडी आणलीस, उंची सांगितली नाहीस. ह्यांना ताप आला, किती ते बोलली नाहीस. मला वाटलं, मापटं फुटलं आमचं.

धाकटी : ताई...

थोरली : सोमवारी फोन तूच लाव. त्या मापं विचारतील. मला सांगता यायची नाहीत.

(पहिली खेप होऊन पाच महिने झाले आहेत. तेच बाथरूम, तेच पातेलं.)

धाकटी : एकशे वीस. एकशे पंधरा. एकशे वीस. सरासरी एकशे अठरा.

थोरली : भरली होती दीडशे.

धाकटी : आधीची सदतीस वजा कर. टिकली एक्क्याऐंशी. चोपन्न टक्के.

थोरली : निम्म्याच्या जवळ आटली. असलं कापड मी गिऱ्हाइकाला दाखवलंही नसतं.

धाकटी : पुढच्या महिन्यात दुसरी खेप आहे. आणि ती गाठ?

थोरली : कालच निकाल आला. मेलेली चरबी, बाकी काही नाही. तीन दिवस ह्यांनी ओव्याचं पाणी स्वतःच प्यायलं.

भावोजी : ऐकू येतंय मला. पिशवीतून कमी केलेली मोहरी इथं वाटीत आहे, तिचं काय करू?

थोरली : काही करू नका! डब्यात तर मुळीच टाकू नका!

धाकटी : ताई, अजून एक मोजायचंय.

थोरली : आता काय राहिलं?

धाकटी : मागच्या वेळचं राहिलंय. हा बघ, कपाळासमोर धरायचा थर्मामीटर. टेकवायचा नाही, लांबूनच.

थोरली : ...घे मग.

धाकटी : आत्ता नाही. ओली आहेस, कातडीचं नाही, पाण्याचंच तापमान येईल. पुसून वीस मिनिटं बस. हात छातीवर घेऊ नकोस.

थोरली : वीस मिनिटं अशी? उघडी?

धाकटी : दार लावलंय. खिडकी लावलीय.

थोरली : काय येईल गं?

धाकटी : मोजायच्या आधी नाही सांगत मी आता.

थोरली : शहाणी झालीस. ...किती झाली?

धाकटी : चार.

थोरली : फक्त चार? मांजराची गोष्ट सांग तोवर. बावीसच होती, कशावरून?

धाकटी : टेप तिच्याबरोबर कपाटाखाली गेला, पण बोट मी आकड्यावर ठेवलं होतं.

थोरली : रडत होतीस.

धाकटी : रडत होते, पण बोट ठेवलं होतं.

थोरली : आता तरी झाली का वीस?

धाकटी : झाली वीस. सरळ बस. उजवी आधी. एक... दोन... तीन.

थोरली : किती?

धाकटी : तेहेतीस पूर्णांक सहा. तिन्ही वेळा.

थोरली : आणि डावी?

धाकटी : थांब. एक... दोन... तीन.

थोरली : सांग ना.

धाकटी : तेहेतीस पूर्णांक पाच.