लंगडीच्या वेळचं गाणं

हॅलो?… कोण?… अगं जेसांग! थांब, थांब, विणायचं मशीन बंद करते, काही ऐकूच येत नाहीये… हां, बोल.

सरांच्या फोनवरून ना? हो, हो, शर्यतीच्या सकाळचा फोन, मी विसरेन होय? प्रत्येकीला दोन मिनिटं, घरच्यांचा आशीर्वाद घ्यायला. मागे रांग लागली असेल… ढकलू देत गं. तुझी दोन मिनिटं तुझी.

आई? आई कधीच निघाली. मुरसिकचा, आंबवलेल्या दुधाचा भोपळा काखेत मारून. जिंकलीस की पहिला घोट तुलाच म्हणे. मॅटाटूतल्या आख्ख्या प्रवाशांना सांगत गेली असेल, माझी धाकटी आज देशाच्या संघात जाणार म्हणून…

काय म्हणालीस?… माझी युक्ती? कसली युक्ती?…

जेसांग. लंगडीच्या वेळी तू गात होतीस?

हसू नकोस. सांग नीट. कुणाचा पाय दुखतोय का बघायला सरांनी झेंड्यासमोर एकेका पायावर दहा उड्या मारायला लावल्या, आणि तू गायलीस. मोठ्यानं. सगळं वसतिगृह टाळ्या वाजवायला लागलं… हो, हो, मीच सांगितलं होतं. नाताळात, फुशारकी मारत. कळ आली तरी वाकडं तोंड गाण्यात खपून जातं म्हणून. शेण खाल्लं मी तेव्हा.

पण तुला गावं का लागलं? कुठला पाय?… सर जवळ आहेत? मग नुसतं हो-नाही म्हण. डावा?… नडगी? घोट्याच्या वर, चार बोटांवर?… एका बोटानं दाबलं की नेमकं तिथेच?… अंथरुणात पडल्यावरही ठणकतं?

किती दिवस?… तीन आठवडे! आणि तू आत्ता… अगं देवा.

नाही, नाही, अगं ऐक ना. मला भीती वाटतेय. ऐक. माझा पाय खड्ड्यात मुरगळला नव्हता. खड्डा नव्हताच मुळी. चांगलं सपाट मैदान होतं. चौथ्या फेरीला वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. मला वाटलं कुणाच्या तरी पायाखाली काटकी आली… माझं हाड होतं ते. हेच. तू सांगतेयस तेच. आणि मीही त्या सकाळी गायले होते.

लाज वाटली म्हणून खड्डा सांगितला. सगळ्यांना. आईलासुद्धा. चढावर पाय ओढत येते मी, बघतेस ना? तो त्या गाण्याचा पाय आहे.

‘आजचा दिवसच तर आहे’? अगदी हेच म्हणाले होते गं मी! हेच शब्द!

बरं, भांडू नकोस. एक कर. पाण्याच्या टाकीमागे जा. फोन घेऊनच… गेलीस? आता डाव्या पायावर लंगडी घाल. दहा. पण गायचं नाही. तोंडातून चकार शब्द नाही. दहा झाल्या तर तुझी ताई गप्प बसेल, पळ खुशाल. फोन कानाला धर, मी मोजते.

एक… दोन… हां… तीन…

…जेसांग?

अगं बाई. रडू नकोस, राणी. रडू नकोस. बूट काढ आधी. काढ म्हणते ना! माझे आहेत म्हणून काय झालं, चुलीत घाल ते! संघ पुढच्या वर्षी पण निवडतील… अगं, पाय कुठून आणायचा पुढच्या वर्षी?… कोण ओरडतंय? फोन ओढू नका हो… जेसांग! जेसांग!

सर? सर, मी जेमेली… हो, तीच, गाणारी. सर, तिला पळवू नका, तिचं हाड… माहीत आहे? म्हणजे?… गाणं ऐकलं तेव्हाच कळलं?

त्यात हसण्यासारखं काय आहे, सर?

…जिचा पाय दुखत असतो तीच गाते. बरं.

एक विचारते. मी गायले तेव्हाही कळलं होतं तुम्हाला?

…‘त्या वर्षी शाळेकडे पळायला दुसरं कोणी नव्हतं.’

नाही, आता तुमचं काही ऐकायचं नाही मला. तिला फोन द्या… गेली? मैदानात?… शर्यत सुटायला किती वेळ आहे? नीट सांगा!… दहा मिनिटं.

ठेवा फोन. आईला लावायचाय मला. तिथेच कडेला भोपळा घेऊन बसली असेल ती, उठली तर एका मिनिटात पोरीपर्यंत पोचेल… पण ती उठायला हवी ना! तिला अजून खड्डाच माहीत आहे, माझं खरं सांगितल्याशिवाय ती पोरीला थांबवायची नाही… ठेवा म्हणते ना!